अंगवळणी पडलेले पुन्हा दिसते तेव्हा

एका कोऱ्या कागदाच्या मध्यभागी ठळक ठिपका काढावा आणि त्यापासून चार-पाच इंच दूर, कागदाच्या कडेला, पेन्सिलीने अगदी फिकट, कडा पुसट केलेला एक डाग उमटवावा. कागद डोळ्यांजवळ धरून, नजर अजिबात न हलवता वीस-तीस सेकंद मधल्या ठिपक्याकडे पाहत राहिले, तर कडेचा डाग हळूहळू विरत जातो आणि बहुतेकांच्या बाबतीत पूर्ण नाहीसा होतो. कागदावर तो असतोच. पापणी लवली किंवा नजर किंचित सरकली की पुन्हा दिसू लागतो. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ साली या प्रकाराची नोंद केली आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. जे बदलत नाही त्याची दखल घेणे आपली चेतासंस्था कमी करत जाते, एवढेच यामागचे साधे कारण आहे.

कृतज्ञतेविषयीचा उपदेश करणारे लोक ही गोष्ट सहसा विसरतात. माणसाला आपल्याजवळच्या चांगल्या गोष्टींची किंमत नसते, तो नेहमी आणखी मागतो, अशी तक्रार आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्या तक्रारीत असे गृहीत धरलेले असते की दोष मनाच्या कोतेपणाचा आहे. माझ्या मते दोष बहुतेक वेळा मनाचा नसून सरावाचा असतो. रोज नळाला येणारे पाणी, न दुखणारा गुडघा, दार वाजवल्यावर आतून येणारा ओळखीचा आवाज, हे सगळे त्या कडेच्या डागासारखे असते. ते असते, पण दिसत नाही. म्हणून कृतज्ञता कशी वाढवावी या प्रश्नाआधी, नजर कशी हलवावी हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी ठरते, आणि प्रवासाचा या विषयाशी जो संबंध आहे तोही इथूनच सुरू होतो.

‘अतिपरिचयादवज्ञा’ हे संस्कृत वचन मराठीत इतके रुळले आहे की त्याचाही आपल्याला अतिपरिचय झाला आहे. मानसशास्त्राने हीच गोष्ट विसाव्या शतकात वेगळ्या पद्धतीने मांडली. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी संशोधकांनी १९७१ मध्ये असा विचार मांडला की सुखाच्या बाबतीत माणूस जणू ट्रेडमिलवर चालत असतो: पावले पडत राहतात, पण जागा फारशी बदलत नाही, कारण प्रत्येक नव्या सुखाला मन लवकरच सरावते आणि मग तेच सुख नेहमीचे वाटू लागते. पुढे १९७८ मध्ये ब्रिकमन यांनी दोन सहकाऱ्यांसोबत लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची आणि अपघातात शरीर लुळे पडलेल्या २९ जणांची, सर्वसाधारण आयुष्य जगणाऱ्या लोकांशी तुलना केली. या अभ्यासाचा हवाला देताना, लॉटरी लागो वा अपघात होवो, माणूस शेवटी सारखाच सुखी होतो, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. अपघातग्रस्त लोक इतरांपेक्षा कमी सुखी होतेच. लॉटरी जिंकलेले मात्र इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक सुखी आढळले नाहीत, आणि आपल्या विषयासाठी महत्त्वाचे म्हणजे मित्राशी गप्पा किंवा एखादा विनोद ऐकणे अशा रोजच्या छोट्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी होता. अभ्यास अगदी लहान होता, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभी करू नये. तरीही एक शंका मनात राहते: मोठे सुख लहान सुखांना फिके करत असेल का?

सरावण्याच्या या प्रवृत्तीला नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही. तीच आपल्याला दुःखातून बाहेर काढते. आप्त गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे ज्या तीव्रतेने जातात, त्याच तीव्रतेने पुढची वीस वर्षे गेली असती तर कोणीही जगू शकले नसते. शिवाय घरातल्या प्रत्येक वस्तूकडे रोज नव्याने पाहू लागलो, तर सकाळी घराबाहेर पडायलाच दुपार होईल. सराव ही मनाने केलेली काटकसर आहे. तिची किंमत एवढीच की वाईटाबरोबर चांगलेही पुसट होते.

आता ‘कृतज्ञता’ या शब्दाकडे वळू. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले जो जाणतो तो कृतज्ञ, आणि केलेल्याचा जो घात करतो तो कृतघ्न. या शब्दात भावना नंतर येते, आधी जाणणे येते, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. मन भरून येणे, डोळे ओलावणे हे कधी होते, कधी होत नाही, पण जाणणे ही कृती आहे आणि ती ठरवून करता येते. कृतज्ञतेवर दीर्घकाळ संशोधन करणारे रॉबर्ट एमन्स तिचे दोन भाग सांगतात: आपल्या आयुष्यात काही चांगले आहे हे ओळखणे, आणि त्या चांगल्याचा उगम निदान काही अंशी आपल्याबाहेर आहे हे मान्य करणे. पहिला भाग तुलनेने सोपा आहे. दुसऱ्या भागाशी अडखळायला होते, कारण स्वतःच्या कर्तृत्वाची जी गोष्ट आपण स्वतःला सांगत असतो तिच्यात इतर पात्रांना जागा करून द्यावी लागते.

कृतज्ञतेच्या जवळच उपकाराचे ओझे नावाची दुसरी भावना राहते आणि दोन्हींची गल्लत होते. ‘आभार’ या शब्दातच भार आहे. कोणी काही दिले की ते कधी आणि कसे फेडावे याचा हिशेब मनात सुरू होतो, देणाऱ्याला टाळावेसे वाटते, आणि फेड झाली की सुटल्यासारखे होते. कृतज्ञतेची चाल वेगळी असते. मोनिका बार्टलेट आणि डेव्हिड डिस्टेनो यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत, सहभागी व्यक्ती संगणकावरचे कंटाळवाणे काम संपवत आणत असतानाच संगणक मुद्दाम बंद पाडला जाई, आणि शेजारी बसलेली व्यक्ती, जी खरे तर संशोधकांचीच माणूस असे, तो सुरू करून देई. नंतर या सहभागी व्यक्तींकडे एका किचकट कामात मदत मागितली गेली, तेव्हा ज्यांना मदत मिळाली होती त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ दिला. विशेष म्हणजे मदत मागणारा पूर्ण अनोळखी असला तरीही ते जास्त मदत करत होते. ऋण ज्याचे त्यालाच फेडायचे असते. कृतज्ञता मात्र वाटेत भेटेल त्याच्याकडे वळू शकते.

रोजच्या आयुष्यात हे जाणणे घडवून आणण्याचा सर्वांत परिचित उपाय म्हणजे वही. एमन्स आणि मायकेल मॅककलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने दर आठवड्याला, असे १० आठवडे, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या; दुसऱ्याने त्रास देणाऱ्या गोष्टी लिहिल्या आणि तिसऱ्याने केवळ घडलेल्या घटना. पहिल्या गटातील लोकांना आपले आयुष्य एकंदरीत अधिक चांगले वाटले आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. पुढे मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा प्रयोग केला, आणि त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला आढळला. या प्रयोगातील एक सूचना लोक घरी अनुकरण करताना हमखास गाळतात: प्रत्येक गोष्टीसोबत ती का घडली हेही लिहायचे होते. ‘आज काम वेळेत झाले’ एवढे लिहिणे ही नोंद झाली. ‘सहकारी न सांगता अर्धा तास थांबला म्हणून काम वेळेत झाले’ असे लिहिले की त्यात केलेले जाणणे आले.

आणि तरी वहीलाही सराव सोडत नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात काहींना आठवड्यातून एकदा आणि काहींना तीनदा अशी मोजदाद करायला सांगितले, तेव्हा समाधान वाढले ते एकदा करणाऱ्यांचे. तीनदा करणाऱ्यांना बहुधा तो गृहपाठ वाटू लागला असावा. रोज रात्री ‘कुटुंब, आरोग्य, घर’ असे तीन शब्द लिहून वही मिटणाऱ्या माणसाला त्याचा काहीच उपयोग होत नाही, याचे आश्चर्य वाटायला नको.

बेरजेपेक्षा वजाबाकी अधिक परिणामकारक ठरते, असे २००८ मध्ये मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी दाखवले. दीर्घकाळ एकत्र असलेल्या जोडीदारांपैकी काहींना, आपली भेट कशी झाली हे लिहायला सांगितले आणि काहींना, ही भेट कशी झालीच नसती हे लिहायला सांगितले. दुसऱ्या गटातील लोकांना आपल्या नात्याविषयी अधिक समाधान वाटले. भेटीची गोष्ट शेकडो वेळा सांगून झालेली असते, तिच्यात नवे काही उरलेले नसते. पण त्या दिवशी आपण घरीच थांबलो असतो तर, असा विचार सुरू झाला की जे अटळ वाटत होते ते किती किरकोळ योगायोगावर टेकलेले आहे हे दिसते, आणि स्थिर नजर हलते.

प्रवास नेमके हेच करतो, फक्त तो कल्पनेत न करता प्रत्यक्षात करतो. नव्या जागी काहीच गृहीत धरता येत नाही. दिव्याचे बटण कुठे आहे, रस्ता ओलांडताना आधी कोणत्या बाजूला पाहायचे, रांग कुठून सुरू होते, हे सगळे जाणीवपूर्वक पाहावे लागते. घरी ज्या कामांकडे लक्ष द्यावेच लागत नाही त्याच कामांकडे तिथे पूर्ण लक्ष द्यावे लागते, आणि म्हणूनच परक्या ठिकाणचे चार दिवस आठवणीत घरच्या चार दिवसांपेक्षा कितीतरी लांब भासतात.

प्रवासाचा आणखी एक परिणाम आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. घरी आपल्याला मिळणारी मदत यंत्रणांमध्ये लपलेली असते. वीज, पाणी, स्वच्छ रस्ता, वेळेवर येणारी गाडी यांच्यामागे हजारो माणसांचे श्रम असतात, पण त्यांतला एकही चेहरा आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण स्वावलंबी आहोत असा आपला गोड गैरसमज टिकून राहतो. प्रवासात भाषा कळत नाही, नकाशा उलटा धरला जातो, शेवटची गाडी चुकते, आणि मग कोणा एका माणसाला थांबवून विचारावेच लागते. तो माणूस दोनशे पावले आपल्याबरोबर चालत येतो. त्याने केलेले काम फार मोठे नसते, पण मदतीला चेहरा मिळालेला असतो, आणि एमन्स यांनी सांगितलेला दुसरा, अवघड भाग तिथे आपोआप साध्य होतो. सगळी सोय आधीच करून ठेवलेल्या सहलीत नेमका हाच प्रसंग येत नाही, आणि अशा सहलीतून विश्रांती मिळाली तरी बाकी फारसे काही का मिळत नाही, याचे हे एक कारण असावे असे मला वाटते.

प्रवासाने माणूस शहाणा होतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो असल्यामुळे त्या दाव्याची थोडी तपासणी करणे योग्य होईल. जेरोन नावेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेदरलँड्समधील १,५३० प्रौढांचा अभ्यास केला, त्यांपैकी ९७४ जण सुट्टीवर जाऊन आले होते. जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी होते, बहुधा जाण्याच्या कल्पनेनेच. परतल्यानंतर मात्र त्यांच्यात आणि न गेलेल्यांत फरक उरला नव्हता; ज्यांची सुट्टी अत्यंत निवांत गेली होती तेवढेच याला अपवाद होते. म्हणजे सुट्टीचा आनंदही सरावाच्या नियमातून सुटत नाही, आणि सुट्टीतील आनंदाचा मोठा भाग ती येण्याआधीच उपभोगलेला असतो.

व्यक्तिमत्त्व घडण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. जर्मनीतील युलिया झिमरमान आणि फ्रान्झ नायर यांनी २०१३ मध्ये परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांची, मायदेशीच राहिलेल्यांशी तुलना केली. गेलेल्यांमध्ये नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक स्थैर्य वाढलेले दिसले. जाणारे विद्यार्थी आधीपासूनच अधिक बहिर्मुख होते हे खरे, पण तो फरक लक्षात घेऊनही बदल दिसत होता, आणि त्यामागचे मुख्य कारण होते तिथे जुळलेली नवी माणसे. पुढे २०१८ मध्ये हायो अॅडम आणि सहकाऱ्यांना असे आढळले की परदेशी राहिलेल्या लोकांना ‘मी कोण आहे’ याची अधिक स्पष्ट कल्पना असते, आणि ही स्पष्टता किती देश पाहिले यावर अवलंबून नसून किती काळ राहिलो यावर अवलंबून असते. आपल्या सवयींपैकी कोणत्या खरोखर आपल्या आहेत आणि कोणत्या केवळ भोवतालच्या लोकांकडून आलेल्या आहेत, हा विचार परक्या समाजात राहताना वारंवार करावा लागतो, हे त्यांचे स्पष्टीकरण. आठ दिवसांत पाच शहरे पाहून आलेला माणूस ‘मी आमूलाग्र बदललो’ म्हणतो, तेव्हा त्याच्या आनंदात विरजण घालू नये, पण ते विधान जपूनच घ्यावे.

छायाचित्रांविषयी थोडेच. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, लोकांनी संग्रहालयातील ज्या वस्तूंचे छायाचित्र काढले त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन टिपणाऱ्यांच्या आठवणीत ही घट दिसली नाही. तेव्हा कॅमेरा घरी ठेवण्याची गरज नाही. तो हातात घेऊन नेमके काय पाहायचे हे ठरवावे लागते.

प्रवासातील सर्वांत दुर्लक्षित तास परतीनंतरचे असतात. दार उघडताच स्वतःच्याच घराचा एक वास येतो, जो घरात राहणाऱ्याला कधीच येत नाही. अंधारात हात न चाचपडता बटणावर जातो. उशी आपली असते. काही तास घर परक्याच्या नजरेने दिसते आणि मग तो डाग पुन्हा विरू लागतो. त्या वेळेत आपण बहुधा सामान उपसत किंवा साचलेले निरोप वाचत असतो. त्याऐवजी पंधरा मिनिटे बसून, काय काय नव्याने दिसते आहे ते लिहून ठेवले, तर त्या नोंदी रोजच्या वहीतील शंभर नोंदींपेक्षा खऱ्या उतरतील. साध्या दिवसांच्या नोंदींचे मोल आपण नेहमीच कमी लेखतो. टिंग झँग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांना अलीकडचे एखादे संभाषण, ऐकत असलेली गाणी, मित्रांमधला एखादा विनोद अशा किरकोळ गोष्टी लिहून ठेवायला लावल्या. तीन महिन्यांनी त्या वाचताना किती कुतूहल वाटेल याचा विद्यार्थ्यांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला.

लांब जाणे शक्य नसेल तर नजर हलवण्यासाठी एवढे अंतर लागतही नाही. व्हर्जिनिया स्टर्म यांच्या २०२० सालच्या अभ्यासात ५२ वृद्धांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे चालायला सांगितले. त्यांतील एका गटाला, शक्यतो नव्या वाटेने जावे आणि लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहावे, एवढी जादा सूचना होती. प्रत्येक फेरीत त्यांनी स्वतःचे छायाचित्र काढायचे होते. आठवडे जाऊ लागले तसे या गटाच्या छायाचित्रांत स्वतःचा चेहरा कमी जागा व्यापू लागला, मागचे दृश्य वाढत गेले आणि चेहऱ्यावरचे हसू रुंदावले.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी २७ अभ्यास एकत्र तपासून असे दाखवले की नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांवर अशा सरावांचा परिणाम अल्पच असतो. आजारी माणसाला उपचाराऐवजी वही देणे म्हणजे त्याची फसवणूक आहे. तसेच, कमी मोबदला मिळणाऱ्याला ‘आहे त्यात समाधान मान’ असे सांगणे याला कृतज्ञतेची शिकवण म्हणता येणार नाही; तिथे जे जाणायचे आहे ते त्याने केलेले काम आहे, आणि ते जाणायचे आहे मोबदला देणाऱ्याने. प्रवासातून परतलेल्यांच्या तोंडी आढळणारे ‘त्यांच्याकडे काहीच नाही, तरी ते किती आनंदी असतात’ हे वाक्यही मला खटकते. दुसऱ्याच्या अभावाकडे पाहून स्वतःच्या सुस्थितीची खात्री करून घेण्यात तुलना असते, जाणणे नसते. त्या माणसाने आपल्यासाठी काय केले, हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच येत नाही.

जाणलेले समोरच्याला कळवावे की नाही, यावर लोक फार अडखळतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना कोणाला तरी कृतज्ञतेचे पत्र लिहायला लावले आणि मग पत्र मिळालेल्यांना विचारले. लिहिणाऱ्यांना वाटले होते की समोरचा अवघडेल. प्रत्यक्षात तो त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडला होता आणि कितीतरी जास्त सुखावला होता. आपण शब्दांची जुळवाजुळव नीट झाली की नाही यात अडकतो, वाचणारा मात्र त्यातला जिव्हाळा पाहतो. जुने शिक्षक, शेजारी, पहिल्या नोकरीत सांभाळून घेणारे वरिष्ठ यांचा पत्ता शोधला तर सापडतो. अनोळखी गावात दोनशे पावले बरोबर चालत आलेल्या माणसाचे मात्र नावही विचारायचे राहून गेलेले असते. त्याच्या वाट्याचे पत्र कुठेच पाठवता येत नाही, आणि मग एखाद्या दिवशी घाईत असताना कोणीतरी नकाशा उलटा धरून आपल्यालाच थांबवतो.